अँटेनाची गणितं नेमकी कुठे बिघडतात? या चुका टाळा

सूत्र पाठ असतं, कॅल्क्युलेटर हाताशी असतो, तरीही कागदावरचं उत्तर आणि रिसिव्हरमधला सिग्नल जुळत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण सूत्र पुन्हा तपासतात. चूक मात्र सहसा दुसरीकडे असते: हा आकडा कशाच्या तुलनेत आहे आणि तो कुठे मोजला आहे, हे विचारायचंच राहून जातं. पुढची बहुतेक उदाहरणं १४५ मेगाहर्ट्झची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बरेच नवे हॅम (हौशी रेडिओचालक) याच २ मीटर बँडवर सुरुवात करतात.

तार कापण्याआधी

३०० भागिले १४५ केलं की तरंगलांबी येते २.०७ मीटर. तिची अर्धी १.०३ मीटर. नेमकी तेवढीच तार कापून डायपोल (मधोमध केबल जोडलेला दोन भुजांचा साधा अँटेना) बांधला तर तो १४५ च्या बराच खाली जुळतो. टोकांच्या परिणामामुळे तार विजेच्या दृष्टीने तिच्या मोजलेल्या लांबीपेक्षा थोडी लांब वागते, म्हणून साधारण ५ टक्के कमी, म्हणजे सुमारे ९८ सेंटिमीटर धरायचे. कापताना थोडी जास्तच ठेवा आणि दोन्ही बाजूंनी सारखी छाटत या.

हाच ०.९५ चा गुणक काही जण कोॲक्स केबललाही (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलला) लावतात. ते चूक आहे. केबलमध्ये तरंगाचा वेग आतल्या प्लॅस्टिकवर ठरतो. आरजी-५८ सारख्या भरीव पॉलिथिलीनच्या केबलमध्ये तो प्रकाशाच्या वेगाच्या ०.६६ पट असतो. म्हणजे पाव तरंगलांबीचा तुकडा ५२ नव्हे, ३४ सेंटिमीटरचा. फोमच्या केबलमध्ये हा गुणक बराच जास्त असतो, त्यामुळे आपल्याच केबलची माहितीपत्रिका पाहावी.

आणखी एक गोष्ट. गॅलरीच्या लोखंडी ग्रिलजवळ धरून जुळवलेला अँटेना गच्चीवर चढवला की जुळणी हलते. शेवटची छाटणी नेहमीच्या जागीच करा.

डेसिबल: कशाच्या तुलनेत?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गेन म्हणजे अँटेना एका दिशेला सिग्नल किती एकवटतो त्याचं माप, आणि ते डेसिबलमध्ये (डीबी) देतात. खोक्यावर नुसतं ‘९ डीबी गेन’ लिहिलं असेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. सर्व दिशांना सारखं प्रसारण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना असेल तर तो डीबीआय, अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलशी असेल तर डीबीडी. दोघांत २.१५ चा फरक आहे. ९ डीबीआय म्हणजे फक्त ६.८५ डीबीडी. एका अँटेनाचा डीबीआय आणि दुसऱ्याचा डीबीडी घेऊन तुलना करू नका.

दुसरी चूक डीबीएमची (१ मिलिवॅटच्या तुलनेतल्या डेसिबलची) बेरीज. २५ वॅट म्हणजे ४४ डीबीएम. असे दोन ट्रान्समीटर मिळून ८८ डीबीएम होत नाहीत, ४७ होतात. ८८ डीबीएम म्हणजे सुमारे ६ लाख ३० हजार वॅट! डीबीएममध्ये डीबी मिळवता किंवा वजा करता येतात, डीबीएममध्ये डीबीएम नाही. उत्तर आल्यावर ते एकदा वॅटमध्ये बदलून बघायची सवय लावा, अशी चूक लगेच दिसते.

वाटेतली घट

मोकळ्या जागेतली घट काढायचं सूत्र असं: ३२.४४ + २० लॉग (किलोमीटर) + २० लॉग (मेगाहर्ट्झ). वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये घेतली तर ३२.४४ च्या जागी ९२.४५ येतं. एकाचा स्थिरांक आणि दुसऱ्याचं एकक वापरलं की सरळ ६० डेसिबलची चूक, म्हणजे दहा लाख पट.

३० किलोमीटरवरच्या स्टेशनसाठी १४५ मेगाहर्ट्झला घट येते १०५ डेसिबल. आता २५ वॅट, दोन्हीकडे साधा डायपोल, दोन्हीकडे ४ डेसिबल खाणारी केबल असा हिशेब मांडला तर रिसिव्हरला सुमारे उणे ६५ डीबीएम मिळायला हवेत. चांगला एफएम रिसिव्हर ०.२ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे उणे १२१ डीबीएमचा सिग्नलही ऐकतो. कागदावर ५६ डेसिबल शिल्लक! प्रत्यक्षात कदाचित नुसती खरखर ऐकू येईल.

कारण हे सूत्र मध्ये काहीच नाही असं गृहीत धरतं. रेडिओ क्षितिजाचं अंतर काढायला दोन्ही उंचींची (मीटरमध्ये) वर्गमुळं मिळवून ४.१२ ने गुणायचं. सपाट जमिनीवर दोन्हीकडे १० मीटरचे खांब असतील तर उत्तर येतं २६ किलोमीटर. आपलं स्टेशन तर ३० वर आहे, क्षितिजाच्या पलीकडे. आणि नजरेची रेषा मोकळी असली तरी पुरत नाही. तिच्याभोवतीचा पहिला फ्रेनेल पट्टा (लहरींना जायला मोकळा हवा असा लांबट भाग) या वारंवारतेला आणि अंतराला मध्यावर जवळपास १२५ मीटर त्रिज्येचा असतो. त्याचा ६० टक्के भाग तरी मोकळा हवा. ५.८ गिगाहर्ट्झच्या १० किलोमीटर लिंकला तीच त्रिज्या ११ मीटर येते. म्हणून दुर्बिणीतून समोरचा टॉवर दिसतोय, तेवढ्यावर लिंक पक्की समजू नका.

क्षितिजाच्या सूत्रात समुद्रसपाटीपासूनची उंची घालणं ही आपल्या डोंगराळ मुलखातली खास चूक. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर आहे, पण पुणे स्वतःच ५६० मीटरवर आहे. पुण्याच्या बाजूच्या स्टेशनसाठी हिशेबात साधारण ७४० मीटरच धरायला हवेत. गडाच्या वाट्याचं अंतर १४८ वरून ११२ किलोमीटरवर येतं.

सूत्रात वारंवारता असल्यामुळे ‘जास्त वारंवारता हवेत जास्त विरते’ असं अनेकांना वाटतं. मोकळी जागा कुठल्याच वारंवारतेला खात नाही. वारंवारता वाढली की तेवढ्याच गेनचा अँटेना लहान होतो आणि कमी लहरी गोळा करतो, त्याचा तो हिशेब आहे. (पाऊस, पानं, भिंती यांची गोष्ट वेगळी, तिथे वारंवारतेचा खरोखर फरक पडतो.) दोन्हीकडे डिशचा आकार कायम ठेवला तर मोकळ्या जागेत वरची वारंवारता उलट फायद्याची ठरते.

चांगला दिसणारा एसडब्ल्यूआर

मीटर ट्रान्समीटरजवळ लावून एसडब्ल्यूआर (जुळणी किती चांगली ते सांगणारं गुणोत्तर, १ म्हणजे अचूक) १.५ दिसला की मंडळी निर्धास्त होतात. केबल काय खाते ते आधी बघा. आरजी-५८ या बँडला १०० मीटरला सुमारे २० डेसिबल खाते. २० मीटरला ४. पाठवलेल्या २५ वॅटपैकी वर पोचतात १०. आता समजा वर अँटेनाची तारच तुटली आहे. ते दहाही वॅट परततात, येताना पुन्हा ४ डेसिबल गमावतात आणि मीटरला दिसतात फक्त ४ वॅट. एसडब्ल्यूआर येतो २.३. अँटेना जोडलेलाच नाही, आणि मीटर म्हणतो थोडीशी जुळणी करा!

म्हणून एकदा तरी अँटेनाच्या टोकाशी मोजा. पावसाळ्यानंतर अँटेनाला हात न लावता एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला असेल तर आनंद मानू नका. केबलमध्ये पाणी शिरून घट वाढली असण्याची शक्यता तपासा. वरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावून खाली आणि वर वॅट मोजले की केबलची घट थेट कळते. ती माहितीपत्रिकेपेक्षा बरीच जास्त आली तर कनेक्टर उघडून तांब्याची जाळी पाहा. काळी पडली असेल तर तेवढाच तुकडा कापून भागेल असं समजू नका, पाणी जाळीतून दूरवर ओढलं जातं. नवी केबल टाकताना जोडावर रबरी सीलिंग टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

हे सगळं ठीक असूनही सिग्नल २० डेसिबलने कमी येत असेल तर समोरच्याला विचारा, त्याचा अँटेना उभा आहे की आडवा. तुमचा यागी (एका दिशेला रोखलेला अनेक दांड्यांचा अँटेना) आडवा आणि त्याचा अँटेना उभा असेल तर एवढी घट सहज होते, आणि ती कुठल्याच मीटरवर दिसत नाही.