सिल्क स्कार्फ बांधताना या चुका टाळा: गाठ सुटते, बोळा होतो, डाग पडतात

सिल्कचा स्कार्फ कपाटात का पडून आहे असं विचारलं की बहुतेक जणी हेच सांगतात, बांधला की सुटतो नाहीतर गळ्यात बोळा होतो. मग स्कार्फ चांगला नाही किंवा माझी मानच आखूड आहे असं म्हणून विषय संपतो. पण मी बरीच वर्षं हे स्कार्फ वापरतेय, गळ्यात, केसांत, कमरेला, पर्सच्या हँडलला, आणि माझं ठाम मत झालंय की गडबड गाठ मारायच्या आधीच झालेली असते, घडी घालताना.

म्हणून आधी टेप घेऊन स्कार्फ मोजा, खरंच मोजा. चौकोनी स्कार्फची टोकाला टोक लावून पट्टी केली की तिची लांबी बाजूच्या साधारण १.४ पट होते, म्हणजे ९० सेमीचा स्कार्फ १२७ सेमी लांब मिळतो, ७० चा ९९ आणि ५५ चा जेमतेम ७८. मान ३५ सेमी धरली तर ५५ वाल्याचा एकच वेढा बसतो आणि पुढे छोटीशी गाठ, तेवढ्यासाठीच तो आहे, त्याचे दोन वेढे घ्यायला गेलात तर गाठीला कापडच उरत नाही. ९० वाल्याचे दोन वेढे घेऊनही ५७ सेमी हातात राहतं. एर्मेस या फ्रेंच ब्रँडचा १९३७ पासून चालत आलेला प्रसिद्ध चौकोनी स्कार्फ, कॅरे, ९० बाय ९० सेमीचाच आहे, आणि या मापात गळा, केस, कंबर, बॅग सगळंच जमतं, त्यामुळे एकच घ्यायचा असेल तर मी हेच माप सांगेन.

आता घडी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली म्हणजे रुमालासारखी सरळ घडी घालणं. कापडात धागे उभे आणि आडवे असतात, त्या दिशेने ओढलं तर कापड अजिबात ताणत नाही, पण तिरकं ओढलं की छान लवतं, टेलर ज्याला उरेब म्हणतात तेच हे. सरळ घडीची पट्टी गळ्याभोवती ताठ उभी राहते आणि आखूडही पडते, तिरकी घडी मानेच्या गोलाईला धरून बसते. दुसरी चूक म्हणजे आधी त्रिकोण करून तो गुंडाळत जाणं. त्यात त्रिकोणाचं टोक हमखास मधूनच बाहेर डोकावतं आणि मागे मानेवर जाड गोळा होतो. त्यापेक्षा स्कार्फ टेबलावर उलटा पसरा, समोरासमोरची दोन टोकं मधोमध आणा, मग दोन्ही बाजू परत मध्यावर आणा, हवी तेवढी बारीक होईपर्यंत असंच करा आणि शेवटी एकावर एक दुमडा. सगळ्या कडा आत जातात, पट्टी सपाट राहते. टेबल नसेल तर पलंगावर करा पण हवेत धरून करू नका, सिल्क घसरतं आणि घडी वाकडी होते.

गाठ सुटते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, दोन्ही वेळा एकाच बाजूने गाठ मारली जाते. आधी उजवं टोक डाव्यावरून घेतलं तर दुसऱ्या वेळी डावं उजव्यावरून घ्यायचं. बरोबर जमलं की टोकं पट्टीच्या रेषेत आडवी पडतात, चुकलं की एक वर एक खाली अशी उभी राहतात आणि तासाभरात गाठ सैल होते. आरशात बघून लगेच कळतं. आणि सिल्क आहे म्हणून घाबरून निरगाठ आवळू नका, ती सोडताना नखांनी धागे निघतात. सॅटिन विणीचं सिल्क सगळ्यात जास्त घसरतं, ट्विल विणीवर बारीक तिरक्या रेघा असतात त्यामुळे ते गाठ जास्त नीट धरतं. सॅटिनच असेल तर सुरगाठीच्या भानगडीत न पडता स्कार्फ रिंग, म्हणजे टोकं ओवायची कडी वापरा, फक्त रिंग आतून गुळगुळीत आहे ना ते बोट फिरवून आधी बघा.

कापडाचं वजनही बघायला हवं. सिल्क मॉमीमध्ये मोजतात, १ मॉमी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ४.३ ग्रॅम. ६ ते ८ मॉमीचं शिफॉन तरंगतं, त्याचा टोकदार बो कधीच उभा राहणार नाही, तो नुसता सोडायचा. १६-१८ मॉमीच्या ट्विलचा बो उभा राहतो पण त्याचे तीन वेढे घेतले की गळ्यात पट्टा बांधल्यासारखं वाटतं.

केसांत स्कार्फ मागे मागे सरकत जातो ही तक्रार तर मी कितीदा ऐकलीये. गुळगुळीत सिल्क आणि खाली नुकतेच धुतलेले केस, थांबणार कसा! आधी कापडी किंवा मखमली हेअरबँड लावा आणि स्कार्फ त्याच्यावरून बांधा, किंवा पट्टीला दोन पीळ द्या आणि कानामागे दोन पिना एकमेकींवर फुली करून लावा. ओल्या केसांवर मात्र बांधू नका, रंग उतरू शकतो.

टॉप म्हणून घालायचा असेल तर ९० च्या खाली जाऊच नका. स्कार्फ उलटा ठेवून मधोमध चिमूट घ्या, तिथे छोटा मऊ रबर लावा, मग सुलटा करून वरची दोन टोकं मानेमागे आणि खालची दोन पाठीमागे बांधा. त्या चिमटीमुळे पुढे सुंदर झोळ पडतो. हे न करता नुसता त्रिकोण बांधला की पुढचं कापड ताठ राहतं आणि हात वर केला की अख्खा टॉप वर चढतो. कमरेला बांधताना पँटच्या लूपमधून ओवा, नाहीतर दिवसभर सरकवत बसावं लागतं. जाड साखळीच्या कड्यांमधून ओवून नेकलेस करता येतो तो तर मला फारच आवडतो, पण कड्यांचे जोड खरखरीत असतील तर एका दिवसात धागे निघतील.

लांब स्कार्फ पाठीवर मोकळा सोडून गाडीवर बसू नका, प्लीज. नृत्यांगना इझाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात गेली ती उघड्या मोटारीच्या चाकात तिचा लांब रेशमी स्कार्फ अडकून. टोकं जॅकेटच्या आत खोचा.

धुताना आणि जपताना होणाऱ्या चुका जास्त महागात पडतात. रेशीम हे प्रोटीन आहे, आणि बऱ्याच डिटर्जंटमध्ये प्रोटीनचे डाग खाणारं एन्झाइम असतं, ते रेशीमही खातं. क्लोरीन ब्लीचने तर धागाच विरघळतो. गार पाण्यात थोडासा सौम्य शाम्पू, दोन-तीन मिनिटं, न चोळता, न पिळता, मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. त्याआधी ओल्या पांढऱ्या कापडाने एक कोपरा टिपून बघा, रंग आला तर घरी धुवूच नका. घरी धुण्यासारखा असेल आणि त्यावर पाण्याचा थेंब पडून गोल डाग राहिला असेल तर तेवढीच जागा घासू नका, ओलं रेशीम कमजोर असतं आणि घासलं की तिथे पांढरट चट्टा येतो, त्यापेक्षा पूर्ण स्कार्फ भिजवून सारखा वाळवा, पण उन्हात नाही, उन्हाने रंग आणि धागा दोन्ही जातात.

परफ्युम आधी मारा, तो पूर्ण सुकू द्या आणि मगच स्कार्फ बांधा. इस्त्री कमी तापमानावर, स्कार्फ किंचित ओलसर असताना, उलट बाजूने. हाताने गुंडाळून शिवलेली गोल कड असते तिच्यावर इस्त्री फिरवू नका, मी एकदा फिरवली आणि ती जी चपटी झाली ती आजपर्यंत पूर्वीसारखी फुगली नाही.

धागा ओढला गेला तर कात्री लावू नका, तिथेच भोक सुरू होतं. आधी त्या जागेचं कापड दोन्ही हातांनी हलकेच तिरकं ताणा, बराचसा धागा आपोआप आत जातो, आणि उरलेला फास बारीक सुईने मागच्या बाजूला ओढून घ्या.