सिस्टरचं कौतुक नीट कसं पोचवायचं

डिस्चार्जच्या गडबडीत नुसतं थँक्यू म्हणून निघू नका, पेढे तर ड्युटी बदलेपर्यंत संपतात, त्यापेक्षा मेट्रनच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या सगळ्या सिस्टर्सच्या प्रमुखांच्या, नावाने एक पत्र लिहा. सिस्टरचं नाव, वॉर्ड, तारीख, शिफ्ट अॅडमिट असतानाच टिपून ठेवा, घरी गेल्यावर हमखास विसरायला होतं. आणि "खूप छान सेवा केली" एवढ्याने काही कळत नाही हो, नक्की काय केलं ते लिहा, म्हणजे रात्री दोनला सलाईन बदलून झाल्यावरही घाबरलेल्या आजींचा हात धरून थांबल्या, बाहेर बाकड्यावर बसलेल्या मुलाला आत काय चाललंय ते न चिडता सांगितलं, असं. नातेवाईकांशी कशा वागल्या तेही लिहाच, ते सगळ्यात जास्त राहून जातं. एक कॉपी सिस्टरलाही द्या. १२ मेला नर्सेस डे असतो, पण तोपर्यंत थांबू नका, आठवण ताजी असतानाच द्या.