स्वस्तातली बेस गिटार ऑनलाइन घेताय? दोन मॉडेलांत निवडताना या चुका टाळा

पहिली बेस गिटार १५ ते ३० हजारांत बसवायची म्हटलं, की यादी कितीही लांब असली तरी बऱ्याच जणांची गाडी शेवटी दोन नावांपाशी येऊन अडते: यामाहाची टीआरबीएक्स१७४ आणि आयबानेझची जीएसआर२००. मग दोन टॅब उघडायचे, स्टार मोजायचे, रंग बघायचे, मित्रांना स्क्रीनशॉट पाठवायचे. आठवडाभर हा घोळ चालतो. खरं तर कागदावर दोघींत फारसं डावंउजवं नाही. दोन्ही चार तारांच्या, दोन्हींची स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) ३४ इंच, दोन्हींवर पी आणि जे अशा दोन जातींच्या पिकअपची (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागांची) जोडी. फरक आहे, पण लोक शोधतात तिथे तो सापडत नाही.

मॉडेलचं नाव अर्धवट वाचणं

सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी चूक. टीआरबीएक्स१७४ च्या पुढे ईडब्ल्यू लावलेलं मॉडेल दिसलं, तर त्याचा अर्थ एवढाच की वरच्या बाजूला सुंदर रेषांच्या लाकडाचा पातळ थर आहे. (ते लाकूड आंब्याचं! आपल्याकडे आंब्याच्या फळ्यांची खोकी करतात, तिकडे त्याचा शोभेसाठी मान.) आतलं सगळं तेच. दिसायला आवडली तर जरूर घ्या, पण जास्तीचे पैसे आवाजाचे नाहीत हे माहीत असू द्या. टीआरबीएक्स३०४ मात्र सर्वस्वी वेगळी: अ‍ॅक्टिव्ह सर्किट (बॅटरीवर चालणारं), वेगळे पिकअप, वेगळी किंमत. तिची परीक्षणं वाचून १७४ मागवणारे कमी नाहीत.

आयबानेझकडेही तेच. जीएसआर१८० आणि जीएसआर२०० फोटोत जुळ्या वाटतात, पण १८० मध्ये अ‍ॅक्टिव्ह सर्किट नाही. जीएसआरएम२० ही तर २८.६ इंच स्केलची छोटी बेस. ती वाईट नाही, दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी उत्तमच आहे. पण मोठ्या माणसाने ‘ऑफरमध्ये स्वस्त मिळाली’ म्हणून चुकून घेतली, तर बॉक्स उघडल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो.

फोनच्या स्पीकरवर डेमो ऐकून ठरवणं

बेसच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे ई तारेचा, मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा इवलासा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या सुराच्या वरचे अंश, बोटांचा टकटकाट आणि फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या (नेकवरच्या) आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, तार घासल्याचा आवाज. खालचा सूर मेंदू अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे ‘आयबानेझ जास्त क्लिअर वाटली’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा त्या व्हिडिओतल्या नव्याकोऱ्या तारांचा असतो, गिटारचा नव्हे.

कानावर बसणारे चांगले हेडफोन घाला. एकाच माणसाने, त्याच केबल-अ‍ॅम्पमधून दोन्ही बेस वाजवलेला व्हिडिओ शोधा. दोन वेगवेगळ्या चॅनेलांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण एकाने कम्प्रेसर (आवाजातले चढउतार सपाट करणारं यंत्र) लावलेला असतो, दुसऱ्याने नाही. आणि बेस नुसती ऐकू नका, ड्रमसोबत वाजवलेला भाग ऐका. एकटी वाजताना भरदार वाटणारी बेस ठेक्यात कुठल्या कुठे बुडते, आणि एकटी किरटी वाटणारी नेमकी उठून दिसते.

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे भारी, असं समजणं

इथे या दोघींतला खरा फरक आहे. टीआरबीएक्स१७४ पॅसिव्ह आहे, बॅटरी नाही. जीएसआर२०० मध्ये फॅट टू नावाचं ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं सर्किट आहे. त्याचं नॉब फिरवलं की खालचा आवाज फुगतो. दुकानाच्या पानावर ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द असा छापतात, की पॅसिव्ह घेणारा स्वतःला गरीब समजायला लागतो.

घरी शिकणाऱ्याला त्या नॉबची फारशी गरज नसते. तेच काम अ‍ॅम्पवरचं बेसचं नॉब करतं. उलट एक जबाबदारी वाढते. अशा गिटारमध्ये केबलचं जॅकच बॅटरीचा स्विच असतं. वाजवून झाल्यावर केबल तशीच खोचून ठेवली, की अ‍ॅम्प बंद असला तरी बॅटरी झिजत राहते. मग एक दिवस आवाज फाटायला लागतो, बारीक होतो आणि माणूस पिकअप जळाला म्हणून दुकानदाराला फोन करतो. अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाज फाटला, तर कशालाही हात लावण्याआधी बॅटरी बदला.

शो वाजवणाऱ्याचं गणित वेगळं. ऑर्केस्ट्रात किंवा मंडपात तुमची केबल थेट मिक्सरला जाते, आणि साउंडवाला तुमच्या हाकेला ओ देईलच असं नाही. तिथे गिटारवर हाताशी असलेलं नॉब कामाला येतं. तेही जपून, कारण मंडपात खालचा आवाज आधीच घुमत असतो. पूर्ण फिरवलेलं फॅट टू आणि किक ड्रम एकत्र आले की नुसता चिखल. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याने यामाहा घ्यावी, आणि महिन्याला चार ठिकाणी दुसऱ्याच्या अ‍ॅम्पवर वाजवणाऱ्याने आयबानेझचा विचार करावा.

गुणगुण ऐकून ‘पीस खराब’ म्हणणं

परत पाठवलेल्या कित्येक पीजे बेस (पी आणि जे दोन्ही पिकअप असलेल्या) मुळात धडधाकट असतात. कारण समजून घ्या.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली आणि १९५७ मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप दिला. तोच आजचा ‘पी’. त्याची दोन अर्धी कॉइल एकमेकांतली विजेची गुणगुण खोडून काढतात, म्हणून तो शांत असतो. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसवर दोन पिकअप होते. तो ‘जे’ पिकअप सहसा एकाच कॉइलचा, त्यामुळे एकटा असला की गुणगुणतो. जॅझ बेसवर दोन्ही जे पूर्ण उघडले की ते एकमेकांना शांत करतात. पीजे बेसवर मात्र जे एकटा पडतो. पी स्वतःपुरता शांत आहे, तो जेची गुणगुण खोडायला येत नाही. त्यामुळे पुढचा पी उघडा असताना शांतता आणि मागच्या जेचं नॉब फिरवलं की घूंऽऽ हा दोष नाही, ही रचनाच तशी आहे.

दोष ओळखायची खूण सोपी आहे. गुणगुण चालू असताना तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर गिटारची वायरिंग ठीक आहे. मग ट्यूबलाइट, डिमर, लॅपटॉपचा चार्जर यांच्यापासून लांब बसा आणि अ‍ॅम्पचा तीन पिनांचा प्लग खरंच अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये आहे का ते बघा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असेलच असं नाही. हात लावल्यावर आवाज कमी होण्याऐवजी वाढला किंवा काहीच फरक पडला नाही, तर ब्रिजखालची (तारा बॉडीवर जिथे अडकवतात त्या भागाखालची) ग्राउंडची वायर सुटलेली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी तक्रार करा.

फ्रेट मोजणं आणि नेक विसरणं

यामाहाला २४ फ्रेट, आयबानेझला २२. यावरून वाद घालणाऱ्यांपैकी किती जण विसाव्या फ्रेटच्या वर जातात, हा प्रश्नच आहे. बेसवाल्याचं घर पहिल्या सात-आठ फ्रेटांत.

नेक मात्र रोज हातात असते. नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे, रुंदी किती हे बघा. जीएसआर२०० ची ४१ मिलिमीटर आहे. जॅझ पद्धतीची नेक ३८ च्या आसपास असते. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण अर्ध्या तासाने करंगळी सांगते. म्हणून मुंबई-पुण्याला येणंजाणं असेल तर एकदा मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात जाऊन दोन प्रकारच्या नेक हातात धरून या. तेच मॉडेल नसलं तरी चालेल, आपल्या हाताला रुंद आवडते की बारीक एवढं कळलं तरी पुरे. उभं राहून, पट्टा लावूनही बघा. हात सोडल्यावर गिटारचं डोकं खाली झुकत असेल, तर रुंद चामड्याचा पट्टा लागणार हे गृहीत धरा.

लाकडाच्या जातीवर मात्र रात्र जागवू नका. या किमतीत लाकूड वजन ठरवतं, आवाज नव्हे.

सगळे पैसे गिटारवरच उडवणं

केबल, पट्टा, बॅग, ट्यूनर, अ‍ॅम्प किंवा हेडफोन अ‍ॅम्प, आणि सेटअप, म्हणजे नेक आणि तारा नीट जुळवून घेणं. यांतलं शेवटचं लोक हमखास गाळतात. डब्यातून आलेली बेस ही अर्धी कच्ची असते. ती कारखान्यात जुळवली तेव्हाची हवा वेगळी, गोदामाची वेगळी आणि तुमच्या खोलीची वेगळी. कोकणपट्टीत पावसाळ्यात नेक हलते. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटांना टोचायला लागतात. सेटअपचे दोन हजार वाचवून महागडं मॉडेल घेण्यापेक्षा स्वस्तातलं घेऊन चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घेतलेली बेस हाताला जास्त गोड लागते.

तार फ्रेटवर घासून झर्रझर्र वाजत असेल, तर आधी बघा की तो आवाज अ‍ॅम्पमधून येतोय का. नुसता कानाला येत असेल आणि अ‍ॅम्पमध्ये नसेल तर बेसवर तो चालतो. अ‍ॅम्पमधूनही येत असेल तर कुठे येतो ते शोधा:

- फक्त मोकळी तार वाजवताना: नटची खाच खोल गेली आहे.
- पहिल्या चार-पाच फ्रेटांत: नेक फार सरळ झाली किंवा मागे वाकली आहे, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) सैल करावा लागेल.
- सगळीकडे सारखाच: तारा फार खाली आहेत, ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकतात ते छोटे आधार) उचला.
- एकाच फ्रेटवर: तो फ्रेट किंवा त्याच्या पुढचा वर आला आहे. हे घरी करायचं काम नाही.

नेकचा बाक बघायला एका हाताने पहिला फ्रेट आणि दुसऱ्या हाताने शेवटचा फ्रेट दाबून ठेवा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात फट आहे का बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी. अजिबात नसेल तर नेक सरळसोट, खूप असेल तर पुढे वाकलेली. ट्रस रॉड स्वतः फिरवणार असाल तर एका वेळी पाव फेरा, मग सूर लावून थांबा. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. जोर लागत असेल तर सोडून द्या.

बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट हलकं टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळत नसतील, तर सॅडल सरकवायचं असतं. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर नेककडे. त्याआधी तारा नव्या टाका. गोदामात वर्षभर पडलेल्या तारांवर ही जुळवाजुळव वेळेचा अपव्यय आहे.

घरात आधीच गिटारचा छोटा अ‍ॅम्प असेल तर हळू आवाजात सरावाला चालतो. मोठ्याने लावाल तर त्याच्या स्पीकरचं काही खरं नाही.

पार्सल आलं की आनंदात फोडणं

सीलबंद खोका कॅमेऱ्यापुढे, न थांबवता, लेबलपासून शूट करत उघडा. हेडस्टॉकचा (खुंट्या असलेल्या डोक्याचा) मागचा भाग, नटजवळची जागा आणि नेक जिथे बॉडीला जोडली आहे तो सांधा आधी बघा. प्रवासात मार बसतो तो इथेच. कुठे प्लास्टिकची फिल्म असेल तर ती काढू नका, तारा कापू नका. एकेक नॉब फिरवून खरखर येते का ऐका, केबल हलवून जॅक सैल आहे का बघा, चारही तारा पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेक दाबून वाजवा. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत, शक्यतो पहिल्या दिवशी.

मागवण्याआधी पानावर विक्रेता कोण आणि माल कुठल्या देशात बनला, हे दोन्ही दिसलं पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते दाखवणं बंधनकारक आहे. वॉरंटी कंपनीची की विक्रेत्याची, हे लेखी विचारून ठेवा. बिल नीट असलं आणि विक्रेता तरीही टोलवाटोलवी करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. व्हिडिओ आणि खोका तोवर जपून ठेवा.