‘वॉरहॅमर ३’ची डीएलसी घ्यावी का, हे ठरवण्याची रीत

‘टोटल वॉर: वॉरहॅमर ३’ हा राज्य आणि सेना चालवण्याचा संगणकीय गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि तेव्हापासून त्याच्यासाठी एकामागून एक डीएलसी, म्हणजे मूळ गेममध्ये भर घालणारे विकतचे जोडभाग, येत राहिल्या आहेत. या गेममालिकेच्या पहिल्या दोन भागांच्या डीएलसीही धरल्या, तर सगळ्या मिळून होणारी रक्कम मूळ गेमच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते. त्यामुळे ‘ही डीएलसी चांगली आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. आपण जी रेस (गेममधील जमात) आवडीने खेळतो, तिच्या मोहिमेत (नकाशावर राज्य वाढवत खेळायच्या दीर्घ डावात) या खरेदीमुळे नेमके काय बदलणार आहे, हे आधी विचारावे.

पहिले काम वजाबाकीचे आहे. मोठ्या डीएलसीबरोबर बहुधा एक मोठा पॅचही (मूळ गेममधील बदलांचा संच) येतो आणि तो सर्वांना मोफत मिळतो. नव्या गोष्टींची चर्चा मात्र दोन्हींची एकत्रच होते. ३० एप्रिल २०२४ रोजी ‘थ्रोन्स ऑफ डिके’ आली, तेव्हा ड्वार्फ रेसची, झालेल्या अन्यायांची नोंद ठेवून सूड घेण्याची पद्धत मुळापासून नव्याने बांधली गेली. हा बदल ज्यांच्याकडे ड्वार्फ आहेत त्या सर्वांना, डीएलसी न घेताही मिळाला. म्हणून पॅचची टिपणे शांतपणे वाचावीत, मोफत ते सारे बाजूला काढावे आणि उरेल त्याचीच किंमत करावी. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: आपण डीएलसी घेतली नसली, तरी संगणकाच्या हातातले शत्रू तिच्यातले लॉर्ड (सेनापती) आणि युनिट (सैन्याच्या तुकड्या) आपल्याविरुद्ध वापरतातच. नकाशावर नवे शत्रू दिसावेत एवढीच इच्छा असेल, तर खर्च करण्याचे कारण नाही.

उरलेल्या भागात काय आहे, हे पाहताना युनिटांच्या संख्येपेक्षा मोहिमेच्या नकाशावरील यंत्रणेला अधिक महत्त्व द्यावे, असे माझे ठाम मत आहे. नवे युनिट काही लढायांत नवे वाटते आणि मग सेनेत मिसळून जाते. वेगळी यंत्रणा मात्र प्रत्येक टर्नला (पाळीला) निर्णय घ्यायला लावते. ‘थ्रोन्स ऑफ डिके’मधील एम्पायर रेसची लॉर्ड एल्स्पेथ फॉन ड्राकेन हिच्या मोहिमेत नुल्न शहरातील तोफखान्याची शाळा बंदुका आणि तोफांच्या युनिटांना टप्प्याटप्प्याने बळकट करते, त्यामुळे एम्पायरची सेना उभारण्याचा सगळा विचारच बदलतो. याहून पुढची पायरी म्हणजे संपूर्ण नवी रेस. एप्रिल २०२३ मधील ‘फोर्ज ऑफ द केऑस ड्वार्फ्स’मध्ये मजूर पकडून आणणे, त्यांच्याकडून कच्चा माल काढून घेणे आणि कारखान्यांत त्याची शस्त्रसामग्री बनवणे, असे पूर्ण अर्थचक्र आहे. राज्यकारभाराची आवड असलेल्या आणि एकच डीएलसी परवडणाऱ्या खेळाडूला मी हीच सुचवेन. ज्याला केवळ लढाया आवडतात, त्याला तो हिशेब कंटाळवाणा वाटू शकेल.

परीक्षणे वाचताना त्यांची तारीख अवश्य पाहावी. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘शॅडोज ऑफ चेंज’वर किमतीच्या मानाने ऐवज कमी असल्याची तीव्र टीका झाली होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यात बरीच भर घातली गेली आणि आधीच्या खरेदीदारांना ती मोफत मिळाली. पहिल्या आठवड्यांतील नाराजी आजच्या डीएलसीला जशीच्या तशी लागू होत नाही. पुढे ‘थ्रोन्स ऑफ डिके’चे तीन भाग सुटे विकण्यात आले. असे सुटे भाग उपलब्ध असतील, तर आपल्या रेसचा एकच घ्यावा. एकत्र संचावरील सवलत पाहून, कधीही न खेळल्या जाणाऱ्या लॉर्डचे पैसे भरू नयेत.

तिन्ही भाग एकत्र आणणाऱ्या ‘इम्मॉर्टल एम्पायर्स’ या मोहिमेचा प्रचंड नकाशा २०२३ पासून केवळ तिसरा भाग असलेल्यांनाही खुला आहे, पण पहिल्या दोन भागांतल्या रेस स्वतः खेळण्यासाठी ते भाग सहसा विकत घ्यावे लागतात. जुन्या रेसशी जोडलेली डीएलसी घेण्यापूर्वी आपल्या खात्यात काय आहे ते तपासावे आणि विक्रीच्या पानावरील अट वाचावी.

घाई नसेल, तर ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातील हंगामी सेलपर्यंत थांबावे. खरेदी केलीच, तर परताव्याची सोय नीट वापरावी: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खरेदीनंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास डीएलसीचे पैसे साधारणपणे परत मागता येतात. लोडिंगचा आणि मेनूत गेलेला वेळही यात मोजला जातो, म्हणून जुनी मोहीम उघडू नये. आधी एक-दोन सानुकूल लढायांत (मोहिमेबाहेर, हवी ती सेना निवडून खेळायच्या) डीएलसीमधील सर्वांत वरच्या पातळीची युनिटे वापरून पाहावीत, कारण मोहिमेत ती दोन तासांत हाती लागणार नाहीत. मग नव्या लॉर्डची मोहीम सुरू करावी, किरकोळ लढाया संगणकाला सोडवू द्याव्यात आणि लॉर्डची खास यंत्रणा उघडेपर्यंत टर्न पुढे न्यावेत. तिच्यामुळे पुढचा टर्न खेळावासा वाटत नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी परताव्याचा अर्ज करावा.