पुस्तकासाठी लोकवर्गणी कशी उभी करावी, आणि पैसे कमी पडले तर काय करावं

मराठवाड्यात क्राउडफंडिंग हा शब्द नवा असेल, वर्गणी नवी नाही. गावातला अखंड हरिनाम सप्ताह वर्गणीवरच उभा राहतो. कुणी एका दिवसाची पंगत घेतो, कुणी कीर्तनकाराचं मानधन, कुणी पोतंभर गहू आणून टाकतो. सप्ताह उठला की जमाखर्च सगळ्यांसमोर मांडला जातो. पुस्तक, माहितीपट किंवा नाटकासाठी पैसे मागणाऱ्याने हीच शिस्त उचलावी, असं माझं ठाम मत आहे. पैसे कमी पडले तर यातला जमाखर्चच तुम्हाला तारून नेतो.

उदाहरण म्हणून बीड जिल्ह्यातल्या केज-धारूर भागातल्या ऊसतोड कामगार बायांच्या जात्यावरच्या ओव्यांचं १६० पानी पुस्तक घेऊ.

आधी एका वाक्यात सांगा की हे पुस्तक कशासाठी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या आधीच गोळा झाल्या आहेत. मग तुमचं काम वेगळं काय, असं जाणकार माणूस विचारणारच. 'फडावर जाणाऱ्या बायांनी घर, पाळणा आणि कोयत्याबद्दल गायलेल्या ओव्या' हे उत्तर चालेल. 'आपली संस्कृती जपूया' एवढ्यावर कुणी खिशात हात घालत नाही.

दोन आकडे काढा

एक पूर्ण पुस्तकाचा आकडा आणि एक किमान. छापखान्यातून लेखी कोटेशन घ्या, शक्यतो दोन ठिकाणांहून. समजा ५०० प्रती, प्रत्येकी १२० रुपयांप्रमाणे ६०,०००. मांडणी आणि मुद्रितशोधन २०,०००. मुखपृष्ठ, चित्रं १०,०००. प्रवास आणि रेकॉर्डिंग २५,०००. ओव्या सांगणाऱ्या बायांचं मानधन २०,०००. टपाल १८,०००, हा आकडा बहुतेक जण विसरतात, म्हणून तेवढ्याच जाडीचं एखादं पुस्तक पाकिटात घालून टपाल कार्यालयात वजन करून घ्या. झाले १,५३,०००. त्यावर अडीअडचणीला २७,००० धरा. पूर्ण आकडा १,८०,०००.

आता किमान आकडा. किती पैशांत छोटं, तरीही लाज वाटणार नाही असं पुस्तक निघेल? समजा ७०,००० रुपयांत. तेवढेही जमले नाहीत तर प्रत्येकाचे पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत जातील? हे तिन्ही आवाहनातच छापा. मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेली घरं बीड-जालन्याकडे थोडी नाहीत. अशा घरात पैसे मागताना 'पैसे परत कसे मिळतील' हे न विचारता सांगणं आपलं काम आहे.

किकस्टार्टरसारख्या संकेतस्थळावर ठरलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे मिळतात, नाहीतर देणाऱ्याच्या खात्यातून काहीच जात नाही. मात्र भारतात राहणाऱ्याला तिथे थेट मोहीम सुरू करता येत नाही. आपल्याकडच्या केटो, मिलापवर आजारपणाची आवाहनं जास्त असतात. या आकाराच्या पुस्तकाला वेगळं बँक खातं, यूपीआय आणि पावतीपुस्तक पुरतं.

माणसांची यादी

'मंथन' (१९७६) हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, हे अनेकदा सांगितलं जातं. ते शेतकरी सहकारी दूध संघाने आधीच बांधलेले होते, हे मात्र सांगायचं राहून जातं. अनोळखी गर्दी पुस्तकाला पैसे देत नाही, आपल्याशी बांधलेली माणसं देतात. म्हणून वही घ्या आणि नावं लिहा: शाळेचे गुरुजी, माहेरची मंडळी, पुण्यात नोकरीला गेलेले वर्गमित्र, वाचनालयाचे सभासद. प्रत्येकाला स्वतः फोन करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या पोस्टला अंगठे मिळतात, पैसे फोनवर मिळतात. एकूण रकमेचा चौथा हिस्सा कबूल झाल्याशिवाय जाहीर आवाहन करू नका, कारण रिकाम्या पावतीपुस्तकात पहिलं नाव लिहायला कुणी धजत नाही.

वेळही बघा. जूनमध्ये घरातला पैसा बी-बियाणं, खतात गुंतलेला असतो. सोयाबीन विकून दिवाळी झाली की मागायला तोंड उघडतं. पण दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, गावात बाया राहत नाहीत. म्हणजे रेकॉर्डिंग पावसाळ्यात, वर्गणी दिवाळीनंतर.

करांचं थोडक्यात: नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या पैशांच्या भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. पुस्तकाची आगाऊ नोंदणी ही विक्री. सुरुवातीलाच सीएला भेटा. 'नफ्यात वाटा देऊ' असं चुकूनही लिहू नका. देणाऱ्याला ८०जीची करसवलत नोंदणी झालेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, तुमच्या वैयक्तिक खात्यात टाकलेल्या पैशांवर नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्राचे पैसे घेण्याआधी २०१०च्या विदेशी योगदान कायद्याबद्दलही विचारून घ्या.

मुदत संपली आणि ७४,००० जमले

असं होतं, चांगल्या कामाचंही होतं. त्या रात्री यादी उघडून कुणी दिले नाहीत हे मोजत बसू नका. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी 'बघू' म्हणणाऱ्या माणसाकडे खरोखरच पैसे नसतात. तो उद्या बाजारात भेटला की आधी त्याच्या घरच्यांची चौकशी करा, वर्गणीचा विषय तुम्ही काढू नका. आणि स्वतःच्या खिशातून किंवा सोनं गहाण ठेवून उरलेली रक्कम भरू नका. त्या कर्जाचा राग पुढे पुस्तकावर निघतो.

दोन दिवसांच्या आत प्रत्येक देणाऱ्याला वेगळा निरोप पाठवा. साधारण असा:

'नमस्कार काकू. ओव्यांच्या पुस्तकाला १,८०,००० रुपये हवे होते, ३१ जानेवारीपर्यंत ७४,००० जमले. ठरलेलं पुस्तक यात होत नाही. ९६ पानांचं, २०० प्रतींचं होतं, आणि ते गुढीपाडव्यापर्यंत तुमच्या हातात देता येईल. तुमचे ५०० रुपये त्यासाठी ठेवू, की परत पाठवू? दोन्ही चालेल. रविवारपर्यंत कळवा.'

यात माफीची लांबण नको, रडगाणं नको. उत्तर आलं नाही तर फोन करा. तरीही उत्तर नाही, तर पैसे परत. 'राहू द्या' म्हणणाऱ्याचं तेवढं लेखी ठेवा. परत गेलेल्या रकमेनंतर हातात किमान आकडा उरतो का ते पुन्हा तपासा. उरत नसेल तर सगळेच पैसे परत करा.

आकार कमी करताना पानं कमी करा, प्रती कमी करा, रंगीत चित्रं काढा. २०० प्रतींना ऑफसेटपेक्षा डिजिटल छपाई सहसा स्वस्त पडते, कारण तिला ऑफसेटसारखा प्लेटचा खर्च नसतो. बायांच्या मानधनाला मात्र हात लावू नका. ओव्या त्यांच्या आहेत, आणि पैसे त्यांच्याच नावावर मागितले होते.

मग शांतपणे वही काढा आणि गाडी कुठे अडली ते शोधा. फोन केलेल्या ४० जणांपैकी ३० जणांनी दिले असतील तर पुस्तकात खोट नाही, यादी तोकडी होती. १०० फोन करून दहाच जणांनी दिले असतील तर पुस्तक कशासाठी, हे त्यांना कळलेलं नाही. ते एक वाक्य पुन्हा लिहा.

उरलेल्या भागासाठी दुसरी दारंही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी असते, म्हणून छोटं पुस्तक छापण्याआधीच तिच्या अटी विचारून घ्या. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलाप्रकल्पांना अनुदान देते. तिथल्या अर्जासोबत छापलेलं ९६ पानी पुस्तक आणि जमाखर्च जोडा. दुसऱ्या खेपेची वर्गणी पहिल्या पुस्तकाची प्रत शेवटच्या देणगीदाराकडे पोचेपर्यंत सुरू करू नका, आणि ती सुरू कराल तेव्हा पहिला फोन याच यादीला करा.