पॅरालिसिसनंतर पेशंट घरी आलाय? मग या चुका टाळा

पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेलं आपलं माणूस हॉस्पिटलमधून घरी आलं की सगळं घर त्याच्या दिमतीला लागतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच चुका या मायेपोटीच होतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यांचं सगळं आपणच करून टाकणं. शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागतो म्हणून आपण पटकन लावून देतो, घासही भरवतो, पण लुळा पडलेला हात वापरलाच नाही तर मेंदूला त्याच्याशिवाय चालवायची सवय लागते, मग पुढे ताकद थोडीफार परत आली तरी तो हात कामाला येत नाही. लागू दे की वेळ! शेजारी बसा, अडलं तरच मदत करा.

आणि उठवताना तो हात धरून किंवा काखेत हात घालून प्लीज ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा जागेवरून सरकतो आणि मग इतकं दुखतं की पेशंट व्यायामालाच नको म्हणतो. कमरेला पट्टा बांधून कसं उठवायचं ते डिस्चार्जच्या आधीच फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, घरातल्या सगळ्यांनी शिका, नाहीतर एकजण नीट उठवतो आणि दुसरा ओढतो.

पाणी पाजताना तर फारच जपा. गिळणं बिघडलेलं असेल तर साधं पाणीच सगळ्यात अवघड जातं, ते श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि दरवेळी ठसका लागेलच असं नाही, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरीत आला तरी सावध व्हा. झोपवून काही देऊ नका, ताठ बसवा, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यासाठी असतात असं वाटतं पण गिळणंही तेच तपासतात. स्वतःला कूस बदलता येत नसेल तर साधारण दर २ तासांनी तुम्ही बदला, टाचा आणि माकडहाडापाशी पडून पडून जखम होत नाही ना ते रोज बघा.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं अजिबात नाही, त्यामुळे त्यांच्यासमोर 'आता यांचं काय होणार' असली चर्चा नको, खूप लागतं मनाला. हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा आणि थांबा. सतत रडणं, गप्प बसणं याला आळस म्हणू नका, झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा.

सुधारणा पहिल्या ३ ते ६ महिन्यांत जास्त दिसते हे खरं, पण म्हणून त्यानंतर फिजिओ बंद करू नका, हळूहळू का होईना फरक पडत राहतो. बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या 'आता बरं वाटतंय' म्हणून कुणीही मनाने थांबवायच्या नाहीत, दुसरा झटका येऊ शकतो. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं की लगेच हॉस्पिटल गाठा, आणि पेशंट शेवटचा नीट कधी होता ती वेळ लक्षात ठेवा, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.