तळ्याकाठच्या औषधी वनस्पतींचं नातं हरितलवकाच्या जीनोमवरून कसं शोधायचं

ब्राह्मी म्हणून बाजारात दोन वनस्पती विकल्या जातात: बकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. दोन्ही ओलसर जागी जमिनीलगत पसरतात, पण मंडूकपर्णी कोथिंबिरीच्या कुळातली आहे, बकोपाचा आणि तिचा गणही (कुळाच्या वरची पातळी) एक नाही. कमळ आणि कुमुद यांचंही तसंच. कुमुद सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या फांदीवर बसते, तर कमळाचं जवळचं नातं सिल्व्हर ओकच्या कुळाशी आहे. पाण्यात वाढणाऱ्या वनस्पती दिसायला सारख्या होत जातात, त्यामुळे त्यांचं नातं रूपावरून ठरवणं धोक्याचं.

हरितलवकाचा, म्हणजे पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या भागाचा, जीनोम (त्याचा स्वतःचा संपूर्ण डीएनए) इथे कामाला येतो. बहुतेक वनस्पतींत तो साधारण 1.2 ते 1.7 लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) असतो, जनुकांचा क्रम फारसा बदलत नाही आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात.

पहिल्या प्रयत्नाला एकाच गणातल्या वनस्पती घ्या. ब्राह्मी (बकोपा), तालिमखाना आणि जलपिंपळी या तिन्ही लॅमिएलीज गणातल्या, पण तीन वेगळ्या कुळांतल्या. त्यांच्या जोडीला जेनबँकेतून (डीएनए क्रमांचा सार्वजनिक संग्रह) त्याच कुळांतले 15–20 पूर्ण जीनोम उतरवा आणि बाह्यगट (तुलनेसाठी बाहेरचा नातलग) म्हणून तंबाखू ठेवा. तंबाखूचा हरितलवक जीनोम 1986 सालीच वाचला गेला आहे.

नमुने पावसाळा सरल्यावर घ्यावेत. नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं, पाणी ओसरून गाळपेर जमीन उघडी पडू लागते तेव्हा काठावर पोचणं सोपं जातं, आणि तालिमखाना हिवाळ्यात फुलावर असतो. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, म्हणून तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही तोडू नका. प्रत्येक नमुन्याची फुलासकट फांदी दाबून वाळवा, जागेचे अक्षांश-रेखांश लिहा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहासारख्या ठिकाणी जमा करून क्रमांक घ्या. हा क्रमांक नसेल तर पुढे ओळखीवर शंका आली की पडताळायला हातात काहीच उरत नाही.

पाणवनस्पतींचं काम सगळ्यात जास्त बिघडतं ते पान धुताना. पानावर जो हिरवा बुळबुळीत थर असतो ते शेवाळ, आणि शेवाळाला स्वतःचं हरितलवक असतं. ते नळीत गेलं की दोन जीवांचे जीनोम एकत्र वाचले जातात. म्हणून पाण्याच्या वर असलेलं, शेंड्याकडून दुसरं-तिसरं कोवळं पान घ्या. आधी साध्या पाण्यात मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासा, मग दोनदा डिस्टिल्ड वॉटरने धुवा, टिपकागदाने कोरडं करा आणि 10 पटीच्या भिंगातून देठाच्या खाचा तपासा. शेवाळ तिथेच लपून राहतं. मग पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये ठेवा. ब्राह्मीचं पान मांसल असतं, ते उभं चिरा आणि 12 तासांनी जेल बदला. 24 तासांत पान कटकन मोडलं पाहिजे. लवचीक राहिलं तर डीएनएचे तुकडे पडायला लागले असं समजा.

50 मिलिग्रॅम कोरडं पान बारीक वाटून सीटॅबने (पेशी फोडणारं एक डिटर्जंट) डीएनए काढा. द्रावणात सीटॅब 2 टक्के, मीठ 1.4 मोलर, ईडीटीए 20 मिलिमोलर, ट्रिस 100 मिलिमोलर, पीएच 8 आणि पीव्हीपी 2 टक्के. प्रत्येक मिलिलिटरला 10 मायक्रोलिटर मर्कॅप्टोइथेनॉल, तेही धूर खेचणाऱ्या कपाटातच घाला. 65 अंशांवर तासभर ठेवा, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल 24:1. डीएनए जेलीसारखा चिकट आला तर त्यात शर्करा आली आहे. अशा वेळी पुढच्या खेपेला पूड आधी 0.35 मोलर सॉर्बिटॉलच्या द्रावणाने दोन-तीनदा धुवा आणि मीठ 2 मोलरपर्यंत वाढवा. डीएनएची शुद्धता सांगणारं 260/280 नॅनोमीटरच्या प्रकाश-शोषणाचं गुणोत्तर 1.8 ते 2.0 हवं. 260/230 फार खाली असेल तर लायब्ररी (यंत्रात वाचायला तयार केलेले डीएनएचे तुकडे) नीट बनत नाही.

इल्युमिना या डीएनए वाचणाऱ्या यंत्रावर 150 बेसच्या जोड-रीड्स (एकाच तुकड्याची दोन्ही टोकांकडून वाचनं) घ्या, 3 गिगाबेस (300 कोटी बेस) पुरतात. त्यातले 5 टक्के जरी हरितलवकाचे निघाले तरी 15 कोटी बेस होतात, म्हणजे दीड लाखाच्या जीनोमवर हजारपट खोली (प्रत्येक बेस सरासरी हजारदा वाचला जातो).

रीड्स जोडून पूर्ण जीनोम करण्याची जुळणी गेटऑर्गनेल या संगणक प्रणालीने करा. बऱ्याचदा दोन उत्तरं येतात, लहान एकल भाग (उलट पुनरावृत्तीच्या, म्हणजे एकमेकांच्या उलट दिशेच्या दोन सारख्या भागांच्या, मधला छोटा तुकडा) सुलटा आणि उलटा. दोन्ही खरी असतात, सगळ्या नमुन्यांत एकच दिशा ठेवा. जुळणीचा आलेख (तुकडे कसे जोडले ते दाखवणारं चित्र) गुंतलेला आला तर प्रत्येक तुकड्याची खोली पाहा: मायटोकाँड्रियात गेलेल्या हरितलवकाच्या नकला बऱ्याच कमी खोलीच्या असतात, आणि शेवाळाचे तुकडे ब्लास्टमध्ये (ज्ञात क्रमांशी तुलना करणारं साधन) लगेच उघडे पडतात. शेवटी रीड्स परत जीनोमवर बसवून कुठे खोली अचानक पडते का ते बघाच.

जनुकं जीसेक या साधनाने नोंदवा, पण ती नजरेखालून घाला. आरपीएस 12 हे जनुक दोन लांबच्या ठिकाणांहून जुळतं, तिथे यंत्र हमखास चुकतं. एनडीएच जनुकं सापडली नाहीत म्हणून जुळणी चुकली असंही लगेच ठरवू नका. नाजाससारख्या काही पाणवनस्पतींत ती खरोखरच नाहीशी झाली आहेत.

उलट पुनरावृत्तीचा एक भाग काढा, नाहीतर तीच माहिती दोनदा मोजली जाते. मॅफ्टने क्रमांच्या रांगा लावा (सगळ्यांतली जुळणारी स्थानं एकाखाली एक), नात्यांचा वृक्ष काढणाऱ्या आयक्यू-ट्रीवर मॉडेल त्यालाच निवडू द्या, 1000 अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप आणि 1000 एसएच-एएलआरटी (फांद्या किती भरवशाच्या ते मोजणाऱ्या दोन चाचण्या). फांदीला अनुक्रमे 95 आणि 80 मिळाले तर आधार चांगला. एखादी फांदी फार लांब असेल तर मात्र 100 आकड्यावरही विसंबू नका, लांब फांद्या एकमेकींकडे खोट्या ओढल्या जातात. तिचे जवळचे नातलग घालून वृक्ष पुन्हा काढा.

हरितलवक बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडूनच येतं. त्यामुळे पाणकणीस किंवा कुमुदाच्या संकरात बापाचा मागमूस या वृक्षात दिसणार नाही. अशा गटांत केंद्रकाच्या डीएनएतला, आईबाप दोघांकडून येणारा आयटीएस भाग वेगळा वाचून दोन वृक्ष शेजारी ठेवा. जीनोम जेनबँकेत देताना संग्रहातला नमुना क्रमांक आणि कच्च्या रीड्स दोन्ही सोबत द्या.